माझे साडू आणि भाड्याची मोटार

परका मुलूख अशी काही वस्तू जगात असते, यावर माझ्या साडूंचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. त्यांच्या लेखी पृथ्वी म्हणजे खानदेश आणि खानदेशाच्या आसपासचा भाग. हा आसपासचा भाग काही ठिकाणी फार लांबवर पसरला आहे, हे ते मान्य करत. पण लांब असणं वेगळं आणि परकं असणं वेगळं. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू, ती त्यांना दिलेली. धुळ्याला त्यांचं घर होतं आणि धुळ्याहून नरडाण्याच्या स्टेशनापर्यंत त्यांची सर्व्हिस मोटार चालायची. गावाने त्यांना 'मोटारवाले नाना' असं नाव दिलं होतं. मी नुसतं नाना म्हणे. मी जळगावला शाळामास्तर, वयाने त्यांच्याहून बराच लहान. तरी ते मला नावाने हाक न मारता 'मास्तर' म्हणत, आणि म्हणताना जरा कीव आल्यासारखे बघत. नकाशावर बोट ठेवून देश शिकवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटे.

वाट विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे असं नाही. ते त्यांना असभ्यपणाचं वाटे. "गेल्या गेल्या माणसाला 'अमुक गाव कुठे' म्हणून विचारायचं, म्हणजे बाबा रे, तुझ्याशी मला काही घेणं नाही, असं तोंडावर सांगण्यासारखं आहे," असं ते म्हणत. म्हणून फाट्यावर मोटार थांबली की ते खाली उतरत, तिथे जो कोणी बसला असेल त्याच्या शेजारी टेकत, पाऊसपाणी विचारत, त्याच्या बैलाचे दात बघत, मुलीचं लग्न ठरलं का म्हणून चौकशी करत. एवढ्यात वाट आपोआप बोलण्यात येते, असा त्यांचा अनुभव. कधी येत नसे. एकदा शिरपूरकडच्या एका लग्नाला आम्हा दोन्ही कुटुंबांना घेऊन ते निघाले आणि भलत्याच गावी, भलत्याच मांडवात जाऊन उतरले. नवरदेवाचा चेहरा बघून मला शंका आली. मी नानांच्या कानाला लागलो. ते म्हणाले, "मास्तर, अक्षता हातात आहेत ना? टाका." आम्ही अक्षता टाकल्या, जेवलो, आहेरही केला. निघताना नानांनी यजमानांना खरा प्रकार सांगून टाकला, तेव्हा ते गृहस्थ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढे वर्षानुवर्षं त्या घरून अक्काकडे संक्रांतीला तिळाचे लाडू येत. ज्यांच्या लग्नाला जायचं होतं, त्यांनी मात्र आमच्याशी बोलणं सोडलं.

मोटारीला ते यंत्र मानत नसत. त्यांच्या वडिलांनी जन्मभर भाड्याच्या बैलगाड्या हाकल्या होत्या, आणि नाना गाडीवरून मोटारीवर आले ते बैलांचे सगळे कायदे बरोबर घेऊनच. चढ लागला की ते पुढे वाकून "चाल मन्ही माय, चाल" म्हणून तिला चुचकारत. उतार लागला की "हो, हो" करत. उन्हाच्या वेळी तिला निंबाखाली उभी करून टपावर पाणी शिंपडत. खोळंबलेल्या उतारूंवरही त्यातलं थोडं उडे. पोळ्याच्या दिवशी मोटार हाकायची नाही. त्या दिवशी तिला धुऊनपुसून, दिव्यांना झेंडूच्या माळा घालून, टपावर झूल टाकून गावातून मिरवायचं, तेही ढकलत. कारण सणाच्या दिवशी तिच्याकडून काम करून घेणं बरं नव्हे. पुरणपोळीचा घास ते तिच्या बॉनेटवर ठेवत. "ती खात नाही," असं अक्का दर वर्षी म्हणे. "वास घेते," असं नाना दर वर्षी सांगत.

बोलण्याच्या बाबतीत त्यांचा कारभार फारच सोपा होता. कचेरीत काम असलं की ते तुमच्याआमच्यासारखं नीट मराठी बोलत. पण माणूस आवडला की त्यांची जीभ घरच्या अहिराणीवर येई, आणि माणूस त्यांना लगेचच आवडे. मारवाडी असो, भिल्ल असो, "काय भाऊ, बरं शे का?" इथून सुरुवात. साक्रीच्या रस्त्यावर मोटार बंद पडून उभ्या असलेल्या एका गोऱ्या साहेबाशीही ते असेच बोलले. साहेबाने काय उत्तर दिलं ते कोणाला कळलं नाही. पण चाक बदलून झाल्यावर त्याने नानांच्या हातची चिमूटभर तंबाखू तोंडात टाकली आणि नंतर बराच वेळ तो रस्त्याकडेला खोकत उभा होता, एवढं मी स्वतः पाहिलं.

असा हा माणूस आफ्रिकेत गेला, आणि मला त्याच्याबरोबर जावं लागलं.

त्याला कारण झाला आमचा मेहुणा यशवंता. आमच्या दोघांच्या बायकांचा हा एकुलता एक भाऊ. एरंडोलला सासऱ्यांची शेती होती. यशवंता मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा सासऱ्यांनी त्याला भर बाजारात, चारचौघांसमोर थोबाडीत मारली. तो तिथून जो निघाला तो मुंबईला, आणि मुंबईहून बोटीने आफ्रिकेला. दोन वर्षांनी सासरे वारले. पोराला कळवायचं तरी कुठे, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे आठ-दहा वर्षं अशीच गेली. मग मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधी धुळ्याचे एक बोहरी व्यापारी, ज्यांचं मोंबाशाला दुकान होतं, गावी आले. त्यांनी नानांना सांगितलं की तुमचा मेहुणा चांगला हिंडताफिरता आहे. वोई नावाच्या गावापलीकडे घायपाताचे मळे आहेत, त्यातल्या कुठल्याशा मळ्यावर नोकरीला आहे. नानांनी ही बातमी एरंडोलला सासूबाईंच्या कानावर घातली. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्याले आना असं मी नही म्हणत. सुखी शे का, इतलं कोनी तरी देखी या."

नाना तिथल्या तिथे "मी जातो" म्हणाले, पारोळ्याच्या बाजाराला जायचं असावं तसे. अक्काला मात्र घोर लागला. नवरा आफ्रिकेत हरवेल ही भीती तिला नव्हती. तो तिथे रमेल ही होती. त्याला परत आणायला घरचं माणूस हवं, शिवाय मास्तरांना इंग्रजी येतं, असं ठरून माझी नेमणूक झाली. मी शाळेतून लांब रजा काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. नानांनीही तो पहिल्यांदाच पाहिला. धक्क्यावर उभं राहून त्यांनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "तापीच आहे, मास्तर. पलीकडचा काठ तेवढा लांब दिसतोय." तो काठ येईपर्यंत मी बोटीच्या तळाशी आडवा पडून होतो. नाना वर भटारखान्यात बसून रत्नागिरीकडच्या खलाशांना मिरचीचा ठेचा शिकवत होते.

मोंबाशाला त्या बोहरी शेटजींनी आमची फार उत्तम व्यवस्था ठेवली. वोईपर्यंत रेल्वे होती. शेटजींचा सल्ला असा की रेल्वेने जावं, पुढचं पुढे बघावं. नाना म्हणाले, "रेल्वेत बसलं की मुलूख खिडकीतून निघून जातो. माणूस शोधायचा तर वाटेत थांबता आलं पाहिजे." त्यांनी मोटार भाड्याने घ्यायची ठरवली. एका सरदारजींची मोटारींची वखार होती. सरदारजींनी आधी लायसन्स पाहिलं, मग नानांचं धोतर पाहिलं, आणि मला हिंदीत म्हणाले, "रस्ता खराब आहे, इथला ड्रायव्हर घेऊन जा." नानांनी हे ऐकलं नसल्यासारखं केलं. ते मोटारीभोवती एक फेरी मारून आले, चारी चाकांना हात लावला, बॉनेटला कान लावून जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हिच्याशी कोणी कधी गोड बोललेलं दिसत नाही." मग पिशवीतून कुंकवाची डबी काढून तिच्या कपाळाला बोट लावलं, पुढच्या चाकाशी नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा सरदारजींच्या हातावर ठेवला. सरदारजींनी तो खाल्ला. ड्रायव्हरचा विषय परत निघाला नाही. उलट त्यांनी आपण होऊन एक जादा स्टेपनी मागे बांधून दिली.

मोंबासा सोडलं की तांबडी माती सुरू होते. ती नाकातोंडात जाते, भाकरीत जाते, आणि धोतर धुतलं तरी भगवं राहतं. दोन्हीकडे काटेरी झुडपं, मधूनच एखादं प्रचंड बुंध्याचं झाड. पहिलं झाड दिसताच नानांनी मोटार थांबवली. "ही गोरखचिंच," ते म्हणाले. खरोखरच गोरखचिंच होती. "आणि तुम्ही याला परदेश म्हणता." त्यानंतर दर गोरखचिंचेपाशी ते माझ्याकडे नुसतं बघत. ही जमीन कापसाची नाही, हे त्यांनी मूठभर माती चोळून सांगितलं. पण भुईमूग चांगला येईल, आणि इथे एक विहीर पाडायला हवी. कुठे पाडायची ती जागाही त्यांनी दाखवली.

गाव आलं की ते उतरत आणि झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसत. अहिराणी चालू होई. ती माणसं आपल्या भाषेत उत्तर देत. मला आधी लाज वाटे, मग कंटाळा येऊ लागला. पण नानांचा मुद्दा पक्का होत चालला होता. तिथले लोक गाडीला 'गारी' म्हणत, दुकानाला 'दुका' म्हणत, चहाला 'चाय' आणि आंब्याला 'एंबे'. "भाषा आपलीच," नाना म्हणाले, "लांब राहून राहून थोडी घासली गेली आहे. आपल्या यावलकडची लोकं काय वेगळं करतात?" एका बाईने त्यांना भाजलेली कणसं दिली. त्यांनी तिला आमच्या दशम्या दिल्या. दोघंही आपापल्या भाषेत एकमेकांना खायचं कसं ते समजावून सांगत होती, आणि दोघांनाही ते आधीपासून ठाऊक होतं.

एका वळणावर हत्ती आले. एक-दोन नव्हे, कळपच. रस्ता ओलांडत होते. मी सीटखाली शिरायचा प्रयत्न केला, पण तिथे स्टेपनीचं सामान होतं. नानांनी इंजिन बंद केलं, टोपी नीट केली आणि स्टिअरिंगवर हात जोडून बसले. "देव चाललाय," ते हळूच म्हणाले. "आपल्याला पद्मालयाच्या गणपतीला डोंगर चढून जावं लागतं. इथे तो आपण होऊन रस्त्यावर येतो. बसा नीट." शेवटचं पिल्लू पलीकडे जाईपर्यंत ते हलले नाहीत. नंतर मोटार सुरू करायला हँडल मारताना मात्र त्यांचा हात तीनदा घसरला.

वोईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याने घायपाताचे मळे पसरले होते. आपल्याकडे बांधावर काटेरी घायपात असतो, तोच. पण इथे कोसाच्या कोस ओळीने लावलेला, दोरखंडासाठी. पहिल्या मळ्यावर मी मॅनेजर साहेबाला इंग्रजीत विचारलं. यशवंता नावाचा कोणी नव्हता. दुसऱ्या मळ्यावरही नव्हता. मळे पुष्कळ होते आणि आमची परतीची बोट ठरलेली होती. मला सासूबाईंचा चेहरा दिसू लागला. तशातच एका कोरड्या ओढ्याच्या वाळूत आमची मोटार रुतली. चाकं गरगर फिरत आणि ती आणखी खाली जाई. आसपासची मळ्यावरची माणसं जमली. नाना सदरा काढून चाकाखाली शिरले, आणि हाताने वाळू उपसता उपसता त्या सगळ्यांना अहिराणीत आमची हकिगत सांगू लागले. धुळं, एरंडोल, म्हातारी आई, सगळं. ती माणसं मन लावून ऐकत होती. एक पांढऱ्या केसांचा म्हातारा तर उकिडवा बसून चाकाखाली डोकं घालूनच ऐकत होता. कळत मात्र कोणालाच काही नव्हतं. शेवटी त्या म्हाताऱ्याने विचार केला असावा की हा मनुष्य काहीतरी महत्त्वाचं बोलतोय, तेव्हा याच्या भाषेचा कोणीतरी आणला पाहिजे. जवळच्या मळ्याच्या कोठारावर एक हिंदुस्थानी कारकून होता. म्हाताऱ्याने त्याला बोलवायला माणूस धाडला.

थोड्या वेळाने सायकलवरून एक जण आला. खाकी अर्धी विजार, डोक्याला फडकं, उन्हाने रापलेला. त्याने सायकल धरूनच विचारलं, "क्या हुआ, भाई?"

नाना चाकाखालून बाहेर न येताच म्हणाले, "मांगून धक्का दे, भो."

त्या माणसाच्या हातातली सायकल आडवी झाली. तो मोटारीजवळ आला, वाकला, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "नाना?"

नाना बाहेर आले. अंगाची वाळू झटकली. मेहुण्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "येसू, दुबया व्हई गया तू. धक्का दे." आणि जाऊन स्टिअरिंगवर बसले.

आम्ही सगळे मागे लागलो. यशवंताने टपाच्या दांड्याला खांदा लावला होता आणि तोंड पलीकडे फिरवलं होतं; त्याची पाठ गदगदत होती. शेजारी ढकलणाऱ्या त्या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याने एक हात मोटारीवर ठेवला आणि दुसरा त्याच्या पाठीवर. मोटार वाळूतून निघाली, आणि नानांनी ती लगेच थांबवली नाही. बरीच पुढे, पार झाडीपर्यंत नेली. तेवढ्यात यशवंताला डोळे पुसता आले. तेव्हा कुठे मला कळलं की या माणसाला मोटार कुठे थांबवायची हे फार चांगलं समजतं.

यशवंताचं घर पत्र्याचं, पण सारवलेलं आणि नीटनेटकं. दारात एक बाई उभी होती, कडेवर लहान मुलगी. यशवंता तिथेच घुटमळला. ही रेवा, तो म्हणाला. सुरतेकडची. पहिला नवरा मोंबाशाला वारला, पुढे या दोघांनी लग्न केलं. मुलगी चंपा त्यांची. हे सांगताना तो आमच्याकडे बघत नव्हता. जातीबाहेरची बायको, त्यात विधवा, हे एरंडोलला कळलं तर काय होईल, हे मला बसल्या जागी दिसत होतं. रेवाने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. नानांनी चपला काढल्या, पाय धुतले, आत जाऊन पाटावर बसले आणि तिला विचारलं, "काय रांधं बेटा?" आता रांधणं हा शब्द गुजरातीतही तोच. ती चकित झाली, मग हसली. नाना तिच्या हातचं पोटभर जेवले, दोनदा कढी मागून घेतली, आणि मला हळूच म्हणाले, "धुळ्याला अशी कढी नाही. अक्काला सांगू नका."

पुढचे दोन दिवस नाना घरी परत चलण्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. भाड्याच्या मोटारीत त्या तिघांना बसवून ते रानोमाळ हिंडत होते. लांबवर बर्फाचा मोठा डोंगर दिसे. त्याच्या माथ्यावर कोणी कापूस वाळत घातलाय, असं ते चंपाला सांगत. मी चरफडत होतो. शेवटी तिसऱ्या दिवशी यशवंताच म्हणाला, "नाना, बापाला खांदा द्यायला मी नव्हतो. आता हिला घेऊन कोणत्या तोंडाने आईपुढे उभा राहू?"

नाना मोटार पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "आहे त्याच तोंडाने ये. दुसरं घेऊन आलास तर ती ओळखायची नाही."

यशवंताने दुसरं फडकं घेतलं आणि तोही मोटार पुसू लागला. आम्ही निघालो तेव्हा ती तिघं "मोंबाशापर्यंत पोचवायला" म्हणून मोटारीत बसली, आणि वाटेत रेवाने आपण होऊन विचारलं, "बाने शुं भावे?" म्हणजे सासूबाईंना खायला काय आवडतं. नानांनी मोटार इतकी हळू केली की आमच्या मागून एक सायकलवाला पुढे गेला. मग त्यांनी भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी असं सगळं सावकाश सांगितलं.

नोकरीतून मोकळं व्हायला यशवंताला काही महिने लागणार होते. आम्ही पुढे आलो. एरंडोलला सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सुखी शे का?" नाना म्हणाले, "सुखी शे. जेवण चांगलं मिळतं." "कोन रांधस?" "रांधणारी शे." सासूबाईंनी पुढे काही विचारलं नाही. मी बाहेर आल्यावर नानांना म्हटलं, सगळं नीट सांगून टाकायला हवं होतं. ते म्हणाले, "मास्तर, कानावर आलेल्याला माणूस नाही म्हणू शकतं. दारात उभं असलेल्याला नाही म्हणणं अवघड." हे ते नेहमीच्या खात्रीने बोलले, आणि मी नेहमीप्रमाणे त्यांना बिनघोर माणूस समजलो.

ती तिघं आली तेव्हा नाना स्वतःची मोटार घेऊन जळगाव स्टेशनावर हजर होते. जळगाव ते एरंडोल हा रस्ता त्यांनी किती वेळा केला असेल ते मोटारीलाच ठाऊक. त्या दिवशी ते सारखे बोलत होते. चंपाला झाडं दाखवत होते, रेवाला गावांची नावं सांगत होते, मध्येच गप्प होत होते. पाळधीच्या पुढे गेल्यावर मी बघतो तर रस्ता वेगळाच. मी म्हटलं, "नाना, आपण धरणगावच्या वाटेला लागलो." त्यांनी मोटार थांबवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. आफ्रिकेच्या रानात एक फाटा न चुकलेला हा माणूस घरच्या रस्त्यावर वाट चुकला होता. तेवढ्यात एक गाडीवान समोरून आला. नाना खाली उतरले नाहीत, पाऊसपाणी विचारलं नाही. "एरंडोल कुठून?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुपारी आम्ही पोचलो. मोटारीचा आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या, शेजारणीही आल्या. यशवंता आईच्या पायाशी वाकला. तिने त्याला उठवून त्याच्या गालावरून हात फिरवला, ज्या गालावर बापाची चपराक बसली होती त्याच. मग तिची नजर मागे गेली. रेवा मोटारीपाशीच उभी होती, पदर पुढे, चंपा तिला घट्ट धरून. नानांनी मोटारीचं बॉनेट उघडलं होतं आणि त्यात डोकं घातलं होतं. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

सासूबाईंनी विचारलं, "त्यानाकरता तूच रांधस का?"

"हा, बा," रेवा म्हणाली.

"मंग बाहेर काबर उभी शे?" सासूबाई म्हणाल्या. "चुल्हा घरमा शे."

आणि त्यांनी चंपाला उचलून घेतलं. भाऊबंदांनी काही महिने तोंडं फिरवली, कोणी पंगतीला येईना. सासूबाईंनी त्यांना बोलावणंही धाडलं नाही. पुढच्या हंगामात यशवंताच्या शेतात भुईमूग लागला, आणि शेंगा भाजायच्या दिवसांत एकेक जण वाट वाकडी करून येऊ लागला. रेवाची कढी एरंडोलात नावाजली गेली. नाना येता-जाता तिथे मोटार थांबवत, उतारूंना पाणी प्यायला म्हणून.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी धुळ्याच्या रस्त्यावरून फुलं लावलेल्या मोटारींची मिरवणूक निघाली. नानांना तेव्हा डोळ्यांनी कमी दिसे. मोटार यशवंता चालवत होता आणि ते शेजारी बसून "हो, हो" करत होते. त्याच हिवाळ्यात ते गेले, झोपेतच, कोणाला काही न सांगता.

तेराव्यानंतर मी अक्कापाशी बसलो होतो. बोलता बोलता मी म्हणालो, "नानांना कधी कसली शंकाच शिवली नाही." अक्काने वाती वळणं थांबवलं. मग म्हणाली, "येसू आला त्या दिवशी पहाटे उठवलं त्यांनी मला. म्हणाले, सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेव. आईने दार लावून घेतलं तर मोटार तशीच इकडे वळवीन. पुढच्या खोलीला महिनाभर आधी चुना लावून घेतला होता, का ते मला तेव्हा कळलं. पोरीसाठी लहान गादीही शिवून घेतली होती."

"मग त्या स्वयंपाकाचं काय झालं?" मी विचारलं.

"आम्हीच खाल्ला, दोन दिवस," अक्का म्हणाली. "शिळ्या पुऱ्या इतक्या आनंदाने खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

ती उठून आत गेली. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतींवरचा चुना आता पिवळा पडला होता, आणि एरंडोलहून आलेली चंपा त्या खोलीत, दोन्ही हात डोक्याखाली घेऊन, स्वतःच्या घरात झोपावं तशी दुपारची झोपली होती.